यंत्राला चाल सांगताना

मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली असतील, त्यांना पदाच्या डोक्यावर बारीक टायपात छापलेली ती एक ओळ आठवत असेल : राग अमुक, ताल अमुक, आणि त्यापुढे ‘चाल’ असे म्हणून दुसऱ्याच कोणत्या तरी पदाचे आरंभीचे चार शब्द. एवढ्याशा हवाल्यावर नट पद उभे करीत असे, पेटीवाला त्याला साथ देत असे, आणि त्याहून अधिक तपशील कोणी मागत नसे; कारण ज्या पदाचा हवाला दिलेला असे ते पद नटाच्या, पेटीवाल्याच्या आणि बहुधा प्रेक्षकांच्याही कानांत आधीपासूनच वसत असे. 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या पिढीच्या नाट्यपदांत कर्नाटकी चाली सुखाने नांदत होत्या, ही गोष्ट मैसूरात राहून मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला अंमळ जास्तच जिव्हाळ्याची वाटते. या ओळीचे स्मरण मला वारंवार होऊ लागले ते मात्र अगदी निराळ्या निमित्ताने : संगीत निर्माण करणाऱ्या यंत्राला लेखी सूचना, म्हणजे हल्ली सर्वजण ज्याला प्रॉम्प्ट म्हणतात तो, लिहिण्याचे काम माझ्या वाट्याला आले तेव्हा.

मैसूर-बंगळूरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी आम्ही काही मंडळी श्राव्य पाठ तयार करतो. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड अशा तिपेडी वातावरणात वाढणाऱ्या या मुलांच्या कानांवर मराठी शब्द ठसवायचा तर तो गाण्यातूनच ठसवला पाहिजे, याविषयी आमच्यात दुमत नव्हते. परंतु गायक, पेटी, तबला आणि ध्वनिमुद्रणाची खोली यांचा खर्च प्रत्येक पाठाला करण्याइतकी आमची ऐपत नव्हती. तेव्हा गाण्याचा कच्चा मसुदा यंत्राकडून करून घ्यावा, पाठांपुरते साधे गाणे तसेच वापरावे, आणि कीर्तनाच्या वळणाचे जे अवघड काम असेल ते तेवढे माणसांकडे सोपवावे, अशी तजवीज ठरली. पद्ये मी रचीत असे. म्हणून सूचनाही मीच लिहाव्यात, हे ओघानेच आले.

अशा यंत्रापुढे प्रथमच बसणारा मराठी माणूस काय लिहील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. ‘राग भैरवी, पारंपरिक मराठी कीर्तन, भक्तिरसपूर्ण, अत्यंत सुमधुर’ असा मजकूर दिला असता यंत्रातून जे बाहेर पडते ते ऐकण्यासारखे असते : प्रथम लांबवर घुमणारी बासरी, मागून सतार, तिच्याखाली पियानोच्या स्वरसंघांची मऊ गादी, आणि या सर्वांवर एखाद्या प्रचंड गुहेतून आल्यासारखा निनाद. उंची हॉटेलांत अंगमर्दनाच्या दालनाबाहेर अशा प्रकारचे काही तरी लावून ठेवलेले असते. त्यात कीर्तन नाही, मराठी नाही, आणि भैरवी असलीच तर ती योगायोगाने. पुष्कळांचे समाधान या पहिल्याच फळावर होते आणि पुष्कळांचा उत्साह तेथेच मावळतो. मला हे दोन्ही परिणाम सारखेच अकाली वाटतात, कारण यंत्राने मागणी धुडकावलेली नसते, मागणीतल्या ज्या शब्दांना त्याच्यापाशी आवाज आहे तेवढ्यांचाच अंमल त्याने केलेला असतो.

याचा उलगडा ही यंत्रे शिकतात कशी हे पाहिल्यावर होतो. 2023 च्या जानेवारीत गूगलने ‘म्युझिक-एल-एम’ या प्रणालीविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याच्यासोबत ‘म्युझिक-कॅप्स’ नावाचा एक संग्रहही खुला केला : दहा-दहा सेकंदांचे साडेपाच हजारांवर ध्वनिखंड, आणि प्रत्येकाचे दहा व्यावसायिक संगीतकारांपैकी कोणी तरी केलेले लेखी वर्णन. ती वर्णने वाचीत बसणे हेच माझ्या मते या विद्येचे उत्तम अध्ययन आहे. त्यांत रचनाकाराचे गुणगान नाही, परंपरेचा अभिमान नाही. पुरुषाचा आवाज आहे की स्त्रीचा, तो खालच्या पट्टीत आहे की वरच्या, कोणते वाद्य काय करीत आहे, ठेका कोठे पडतो, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे की खरखरीत, खोली लहान आहे की मोठी, एवढीच कानाने पडताळता येईल अशी माहिती आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मेटाने काढलेली ‘म्युझिक-जेन’ ही प्रणाली सुमारे वीस हजार तासांच्या परवानाप्राप्त संगीतावर तयार झालेली होती, तर पुढे लोकप्रिय झालेल्या ‘सुनो’ने आपल्या प्रशिक्षणात कोट्यवधी ध्वनिमुद्रणे वापरल्याचे 2024 मध्ये न्यायालयातील जबाबात मान्य केले, परंतु लहान असो वा अजस्र, प्रत्येक प्रणालीत शब्द आणि ध्वनी यांची गाठ ध्वनीला जोडलेल्या लेखी मजकुरानेच पडलेली असते. ‘भक्तिरसपूर्ण’ हा शब्द कोणत्या ध्वनीला बांधलेला आहे याचा भरवसा कोणालाच देता येणार नाही. ‘झांज दर दुसऱ्या मात्रेवर’ हे शब्द मात्र बऱ्यापैकी घट्ट बांधलेले असतात.

म्हणून मी विशेषणांना रजा दिली आणि कानाला जे ऐकू यावयास हवे त्याची यादी करू लागलो. कीर्तनातल्या एका पदासाठी अखेरीस जी सूचना मुक्रर झाली तिचा आशय असा : ‘मध्यम वयाच्या पुरुषाचा किंचित जाड, सरळ लागणारा आवाज, कंप नाही, पायपेटी गायकाच्या मागोमाग एकेकच स्वर वाजवणारी, मागे तंबोऱ्याचा झणकारता अखंड नाद, मृदंग मंद, झांज दर दुसऱ्या मात्रेवर, लय मिनिटाला 84 ठोके, शेवटाकडे थोडी चढणारी, प्रत्येक ओळ प्रथम एकट्याने, नंतर तीच ओळ चार-पाच जणांनी, दगडी मंडपातील थेट ध्वनिमुद्रण, निनाद थोडा.’ हे इंग्रजीत लिहावे लागते, कारण सूचनेच्या चौकटीत मराठी चालत असली तरी तिची पकड सैल पडते. यातला ‘एकेकच स्वर’ हा तपशील सर्वांत मोलाचा ठरला. हे यंत्र ज्या संगीतावर प्रामुख्याने पोसले आहे त्यात गळ्याखाली स्वरसंघ असणे हा शिरस्ताच असल्यामुळे, मोकळे सोडले की ते आपल्या पदांखालीही तीन-तीन स्वरांची थप्पी रचते, आणि ती एकदा रचली की चाल कितीही देशी असो, तिचा चेहरा चित्रपटातला होतो. ‘स्वरसंघ नकोत’ असे म्हणून भागत नाही. सूचनेत नाव घेतलेली वस्तू नकाराला न जुमानता पुष्कळदा आत शिरते. जी टाळावयाची तिच्यासाठी काही साधनांत स्वतंत्र रकाना असतो, त्यात ती टाकावी, आणि मुख्य सूचनेत तिच्या जागी काय हवे तेवढेच लिहावे.

रागाच्या नावाचे प्रकरण याहून नाजूक, आणि मैसूरात तर त्याला खास रंग चढतो. आमच्याकडची भैरवी सर्व स्वर कोमल घेणारी. येथील कर्नाटक संगीतातली भैरवी ही नटभैरवी मेळातली, चतुःश्रुती ऋषभाची आणि दोन्ही धैवत घेणारी, म्हणजे सर्वस्वी निराळी बाई. आमच्या भैरवीचे स्वर ज्या मेळाचे, त्याला येथे हनुमत्तोडी म्हणतात, आणि आमची तोडी येथे शुभपंतुवराळीच्या घरी सापडते. वाणीविलास मोहल्ल्यातल्या आठव्या क्रॉसवर गणपतीत ज्या मैफली होतात तेथे शेजारी बसलेल्या जाणत्याला ‘तोडी ऐकली’ असे सांगितले तर तो कोणती समजेल हे उघडच आहे. मग दोन्ही मुलखांची ध्वनिमुद्रणे एकाच पोत्यात भरून शिकलेल्या यंत्राने गोंधळू नये ही अपेक्षा कशी धरावी? मी रागाचे नाव देतच नाही असे नाही, परंतु त्याच्यासोबत स्वर कोणते, ठाण कोठे, आणि ओळ वरून खाली उतरते की खालून वर जाते, हे साध्या शब्दांत देतो. एवढे करूनही राग शुद्ध येतो असे मी म्हणणार नाही. वळण येते, छाया येते. आणि मुलांच्या पाठाला पुष्कळ वेळा छाया पुरते.

आपल्याकडे गाण्यावर लिहिण्याची परंपरा दांडगी असली तरी तिचा बराच भाग बिरुदांचा आणि वंशावळींचा आहे, ही जाणीव या कामाने मला तीव्रतेने झाली. अमुक बुवा तमुक खाँसाहेबांचे शागीर्द, त्यांची गायकी भारदस्त, आवाज रसाळ : यातले एकही वाक्य यंत्राच्या उपयोगी पडत नाही. गायकाचे नाव घेण्याची मुभा बहुतेक साधने देतच नाहीत, त्यामुळे ‘त्यांच्यासारखे’ म्हणून सुटका करून घेण्याचा मार्गही बंद. याउलट वामनराव देशपांडे यांचे 1961 चे ‘घरंदाज गायकी’ मी पुन्हा उघडले तेव्हा चकित झालो. स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या मध्ये त्यांनी घराण्यांची जी मांडणी केली आहे, किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या अंगाला, तिच्यातून हव्या तेवढ्या सूचना काढून घेता येतात. ‘आग्रा पद्धती’ असे लिहिले तर यंत्र ढिम्म. ‘शब्द तोडून, ठोक्याशी झुंज घेत, आवाज मोकळा टाकून’ असे लिहिले तर निदान त्याची बैठक बदलते. योगायोग असा की ही दोन्ही टोके या गावाने आपल्या दरबारात पाहिली. आग्र्याचे नत्थन खाँ आयुष्याच्या अखेरीस मैसूर दरबारी होते, आणि त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले यांनी पुढे ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांना चाली दिल्या, तर मिरजेस राहिलेले किराण्याचे अब्दुल करीम खाँ मैसूरास येत-जात राहिले आणि कर्नाटक संगीताचा संस्कार घेऊन परतले.

यंत्र संगीताला आपल्या मापाचे करून घेते ही तक्रार काही आजची नाही. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर उभ्या राहिलेल्या गौहर जान यांना तासाचे गाणे तीन मिनिटांत बसवावे लागले, आणि ते त्यांनी असे बसवले की शेवटी आपले नाव उच्चारण्यापुरती जागाही राखली. त्यांची अखेरची वर्षे मैसूर दरबाराच्या आश्रयाला गेली; 17 जानेवारी 1930 रोजी त्या याच गावात निवर्तल्या. मापात बसवण्याचे कौशल्य हेही कौशल्यच आहे, एवढेच मला यातून घ्यावयाचे आहे. आमच्या साधनाची सूचनेची चौकट आरंभी फार आखूड होती, आणि त्या आखूडपणाने माझे लेखन पुष्कळ सुधारले. चौकट मोठी झाली तेव्हा नव्या मंडळींनी तिच्यात निबंध लिहावयास प्रारंभ केला. लांब मजकुरात परस्परविरुद्ध गोष्टी शिरतात, आणि त्या एकत्र आल्या की यंत्र त्यांची सरासरी काढते, आणि सरासरी नेहमी बेचव असते.

पद्याचा मजकूर ज्या रकान्यात लिहावयाचा तेथे चौकटी कंसांत भागांची नावे देण्याची सोय असते. ध्रुपदाला ‘कोरस’ म्हणावे आणि कडव्याला ‘व्हर्स’, हे सरळ दिसते. पण ‘कोरस’ हा शब्द पाहताच यंत्र सर्व वाद्ये एकदम घालून आवाजाचा डोंब उसळवते, कारण पाश्चात्त्य गाण्यात ते स्थान तसेच असते. आपले ध्रुपद म्हणजे परत येऊन टेकण्याची जागा. म्हणून मी ध्रुपदालाही कडव्याचेच नाव देतो आणि दर वेळी तीच ओळ पुन्हा लिहून काढतो. लिहिण्याचे श्रम वाढतात, पण ओळ शांतपणे परतते.

आता उच्चार, या एका बाबीवर माझा जितका वेळ गेला तितका इतर सर्व मिळून गेला नसेल. आमच्या एका पाठासाठी मी साध्या अभंगाच्या मापाचे, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, एक पद रचले होते :

पावसाच्या थेंबा । सांग रे कुठून ।
आलास निघून । माझ्या दारी ॥

बोलताना आपण ‘पाव्साच्या’ म्हणतो हे खरे, परंतु अभंगात ‘पा-व-सा-च्या’ अशी चार अक्षरे पूर्ण उच्चारली तरच माप भरते, आणि ‘कुठून’मधला न देखील अकारासह उभा राहावा लागतो. यंत्र देवनागरी पाहताच हिंदीच्या वळणावर जाते आणि दिसेल तो अकार गिळते. मग कमी पडलेले अक्षर भरून काढण्यासाठी ‘थें’ला असा काही हेलकावा देते की पावसाचा थेंब पडता पडता वाटेत लोंबकळतो. अक्षरांमध्ये आडव्या रेघा घालून पाहिल्या. काही ठिकाणी साधले, काही ठिकाणी गाणे बाराखडी म्हटल्यासारखे तुटक झाले. याखेरीज ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, आणि ‘चोच’ मधले दोन्ही च चंद्रातल्या चसारखे लागतात. तेथे ‘त्सोत्स’ असे लिहून देणे भाग पडते.

मार्ग सापडला तो घरातल्या जुन्या वह्यांत. दक्षिणेतल्या मराठी घरांत तुकोबांचे आणि एकनाथांचे अभंग कन्नड, तमिळ, तेलुगू लिपींत उतरवून घेतलेले सर्रास आढळतात, कारण बोलण्यात मराठी टिकली तरी अनेकांचा देवनागरीचा सराव सुटला. तशी एक कन्नड लिपीतील वही चाळताना माझ्या ध्यानात आले की ही लिपी वाचणाऱ्याला अकार गिळण्याची सवयच नाही. कन्नडमध्ये अक्षर लिहिले म्हणजे ते उच्चारायचे; शिवाय ळ तिच्या घरचा. मी पावसाचे ते पद तसेच्या तसे कन्नड लिपीत लिहून यंत्राला दिले, आणि चारही चरण मापात आले; दुसऱ्या एका पदातले ‘बाळ’ही खणखणीत ळकारासह बाहेर पडले. याची किंमत मोजावी लागलीच. आवाजाच्या वळणात मंड्याकडचा किंचित हेल आला, आणि ‘चोच’ तेथेही सुधारली नाही, कारण दंत्य च कन्नडला ठाऊक नाही. तेव्हापासून आमचा पद्याचा मसुदा दोन लिपींचा झाला आहे : ज्या ओळीत अकारांची आणि ळची गर्दी ती कन्नड लिपीत, ज्या ओळीत दंत्य च-ज ती देवनागरीत, ‘त्स’च्या कुबड्या देऊन. टिपूच्या अमदानीत मैसूरचे वसुली हिशेब फारसी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत ठेवले जात; त्या दफ्तरातल्या एखाद्या कारकुनाने आमचा कागद पाहिला असता तर त्याला त्यात वावगे काही वाटले नसते.

मालकीहक्काचा प्रश्न आमच्या मंडळींत एकदा निघाला आणि लवकरच मिटला. 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या बड्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी सुनो आणि तिच्यासारखीच युडिओ या दोघांवर दावे लावले, पुढे त्यांपैकी काहींत तडजोडीही झाल्या. आम्ही एवढेच ठरवले की यंत्राचे गाणे यंत्राचे म्हणून सांगावयाचे आणि विकावयाचे नाही. वादकांचे काम बुडते की काय, हा प्रश्न मला अधिक टोचतो. ज्या पाठांसाठी आम्ही यापूर्वीही वादक बोलावू शकत नव्हतो तेथे कोणाचे काही गेले नाही, असे मी मनाशी म्हणतो. ते पूर्ण उत्तर आहे असे मला वाटत नाही.

साकीचे काम करताना माणसांच्या कामाची ही बाजू वेगळ्याच तऱ्हेने पुढे आली. साकी म्हणजे सोळा आणि बारा मिळून अठ्ठावीस मात्रांची ओळ. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा. यंत्राला ही नावे सांगून काहीही होत नाही, आणि मात्रांचा हिशेब सांगितला तर ते सोळानंतरच्या बाराला चार मात्रा आपल्या पदरच्या जोडून ओळ चौकोनी करते. सूचना नाना प्रकारे पालटल्या; बाराव्या मात्रेनंतर लगेच पुढली ओळ उचलावी हे त्याच्याकडून अखेरपर्यंत वदवता आले नाही. तेव्हा तो कच्चा मसुदा घेऊन मी येथील एका हरिकथाकारांकडे गेलो. ते कन्नडभाषक, मराठी त्यांना कळते ती ऐकून ऐकून. ‘साकी’ हा शब्द मी उच्चारताच त्यांनी मांडीवर हात ठेवून सोळा-बाराची ओळ कन्नड शब्दांत म्हणून दाखवली, मागोमाग दिंडी म्हटली, आणि ओवीकडे वळले. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने रुजलेले मराठी कीर्तन एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांसारख्यांनी हरिकथेत मुरवले, आणि त्याच्यासोबत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली सारी वृत्ते दक्षिणेच्या हरिकथेत जाऊन बसली, हे मी वाचलेले होते; समोर बसून ऐकलेले नव्हते.

यंत्राचे गाणे त्यांनी सबंध ऐकून घेतले. तंबोऱ्याचा नाद ‘परवा इल्ल’ म्हणून पास केला, पेटी जरा दबून वाजते असे म्हणाले, आणि आवाजाविषयी काही बोलले नाहीत. लय मात्र त्यांना पसंत पडली. आपण साकी सवयीने याहून जलद म्हणतो, मुलांसाठी हीच बरी, असा त्यांचा अभिप्राय पडला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मृदंगवाल्यांना त्यांनी यंत्राच्या मसुद्यातल्या फक्त पहिल्या दोन ओळी ऐकवल्या, लय हाताने धरून दिली, आणि फोन बाजूला ठेवला. बाकीचे पद त्यांनी आपल्या पद्धतीने म्हटले. खड्ग या वृत्तातले पुढचे आख्यान-पद मी रचावयास घेतले आहे. त्याचा मसुदा यंत्राकडून अगोदर करून आणू नये, नुसता लयीचा आकडा आणावा, असे हरिकथाकारांनी सुचवले आहे आणि आम्ही ते मान्य केले आहे.